दादाला काउन्सेलिंगला न्यायचंय, सोलापुरात सुरुवात कुठून करू?

शेंगापोळी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली. विषय माझा मोठा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात टॉवेलचे माग होते, गेल्या वर्षी बंद करावे लागले, देणी राहिली. तेव्हापासून माणूस पार बदललाय. पहाटे तीनला उठून गॅलरीत बसतो, जेवण अर्धं टाकतो, पोरांवर खेकसतो नाहीतर दिवसदिवस तोंड उघडत नाही. दरवर्षी गल्लीतली सगळी पोरं गोळा करून सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला नेणारा माणूस, यंदा नंदीध्वज बघायला पण खाली उतरला नाही. फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय ती चालूच आहे. आईच्या मते कुणीतरी करणी केली, तिने एका देवऋष्याकडे नेऊन आणलं, तिथे पैसे गेले ते वेगळेच. वहिनी म्हणते मानसोपचारवाल्याकडे नेलं तर गल्लीत बोभाटा होईल, उद्या पोरींची लग्नं करायचीत.
मला विचारायचंय की आधी डॉक्टर की आधी काउन्सेलर? नुसतं बोलून खरंच फरक पडतो का? आणि सोलापुरात बघू का सरळ पुण्याला नेऊ? दादा स्वतः म्हणतो मला काही झालेलं नाही.

सात_रस्ता_सर्कल:
सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे की. वैशंपायन मेडिकल कॉलेजचंच हॉस्पिटल, डॉक्टर असतात, केसपेपर काढायचा आणि बसायचं. गर्दीची तयारी ठेवा, डबा सोबत न्या.

बार्शी_लाईट:
शेंगापोळी ताई, मी बार्शीकडे शाळांमधून समुपदेशनाचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीन वेगवेगळी माणसं असतात आणि लोक सगळ्यांना एकच समजतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (डिप्लोमा) केलेला डॉक्टर, औषध लिहायचं ते त्यांनी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रातले, एम.फिल. वगैरे केलेले आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असलेले, ते चाचण्या घेतात, थेरपी करतात, औषध देत नाहीत. आणि आम्ही समुपदेशक, यात एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारेही आले आणि वीकेंडचा कोर्स करून पाटी लावणारेही आले. त्यामुळे डिग्री काय, नोंदणी आहे का, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात हे विचारायला लाजायचं नाही, चांगला माणूस असेल तर त्याला राग येत नाही.
तुमच्या दादाचं वर्णन वाचून मी म्हणेन आधी सायकियाट्रिस्ट. झोप पहाटेच मोडणं, भूक जाणं, आवडीच्या गोष्टीतून मन उडणं, आणि हे इतके महिने, हे नैराश्याचं असू शकतं पण ते इथे बसून मी ठरवणार नाही. थायरॉइड, बी१२, शुगर हे पण एकदा बघून घेतात, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो.

काय_बे_लका:
मी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. हे काउन्सेलिंग म्हणजे पैसे देऊन गप्पा मारायचा धंदा आहे बे. आमचे वडील गिरणी बंद पडल्यावर काय थेरपीला गेलते का? पार्क चौकात चार दोस्तात बसायचे, चहा मारायचे, मोकळं व्हायचे. आजकालचे लोक कुणाशी बोलूलालेत? सगळे मोबाईलमध्ये बघूलालेत. त्या माणसाला दोस्तात बसवा, कर्जाचा काहीतरी मार्ग काढून द्या, आपोआप झोपतो. तासाला हजार रुपये द्यायचे आणि तो विचारणार "तुम्हाला कसं वाटतंय". कसं वाटणार, हजार गेले म्हणून वाईट वाटणार की.

जुनी_गिरणी:
लका, तुझे वडील मोकळे व्हायचे हे तुला कुणी सांगितलं? मी त्याच काळातला आहे, लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा आमच्या चाळीत काय काय झालं ते मी बघितलंय. चहा प्यायला सगळे बसायचे हे खरं, पण त्या कट्ट्यावर कुणीही घरातलं बोलायचं नाही. राजकारण, क्रिकेट, मालकाला शिव्या. आणि घरी जाताना अर्धे जण गुत्त्यावर. बायकांनी विड्या वळून घरं चालवली. ते "मोकळं होणं" कुठल्या बाटलीतून व्हायचं ते त्या बायकांना विचार.
बाकी कर्जाचा मार्ग काढा हे तुझं बरोबर आहे, ते मी मान्य करतो. देणेकरी दारात उभा असताना नुसती थेरपी पुरत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस:
"नुसतं बोलून काय होतं" यावर माझा अनुभव लिहितो, लांबण लागेल.
मला पॅनिक अ‍ॅटॅक यायचे. आधी माहीत नव्हतं ते पॅनिक आहेत. नवी पेठेत दिवाळीच्या गर्दीत एकदम छाती धडधडायला लागली, हातापायाला मुंग्या, घाम, आता मी जातोय असं वाटलं. रिक्षा करून हॉस्पिटल, ईसीजी नॉर्मल. नंतर परत तसंच, परत ईसीजी, मग टूडी इको, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन घेऊ नका हा काय सल्ला झाला का, मी काय हौसेने घेत होतो? हळूहळू मी नवी पेठ बंद केली, मग एसटी स्टँड, मग थिएटर, मग एकट्याने गाडी चालवणं. शेवटी ऑफिस आणि घर एवढंच राहिलं. पुण्यातल्या मावसभावाने एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंची वेळ घेतली, म्हणून हुतात्माने जायला लागलो (आयडी तिथूनच आलाय).
मला वाटलेलं लहानपणी आईवडिलांनी काय केलं असलं विचारतील. त्यांनी वही काढायला लावली. तारीख, कुठे होतो, नेमकं काय झालं, त्या क्षणी डोक्यात कुठलं वाक्य आलं, शरीरात काय झालं, मग मी काय केलं. दोनतीन आठवडे हेच. मग त्यांनी वहीतूनच दाखवलं की दरवेळी आधी थोडी धडधड होते, जिना चढून असेल, चहा जास्त झाला म्हणून असेल, त्यावर माझं वाक्य येतं "हार्ट अ‍ॅटॅकच", त्या वाक्याने भीती वाढते, भीतीने अजून धडधड, आणि मी पळून गेलो की सुटलो असं वाटतं म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर पळतो. चोर नसताना वाजणाऱ्या गाडीच्या अलार्मसारखं, बंद करायला प्रत्येक वेळी मीच धावत होतो. पॅनिक साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन आपणच उतरतं, पण मी कधी ते उतरेपर्यंत थांबलोच नव्हतो ना.
मग खरी गंमत. बाईंनी मला खुर्चीत बसवून मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला, मिनिटभर. चक्कर, मुंग्या, धडधड सगळं तेच आलं. म्हणाल्या बघा, आत्ता हार्ट अ‍ॅटॅक आला का? (हे घरी स्वतःच्या मनाने करू नका, हृदयाचा नाहीतर दम्याचा त्रास नाही हे बघूनच त्यांनी केलं.) त्यानंतर गृहपाठ, आधी नवी पेठेच्या तोंडाशी सकाळी दुकानं उघडायच्या वेळी उभं राहायचं, मग आत दोन दुकानं, मग संध्याकाळी, मग शनिवारी. भीती आली तरी निघायचं नाही, कमी होईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा एका साडीच्या दुकानासमोर मी एवढा वेळ उभा होतो की त्या माणसाने विचारलं काय पाहिजे, म्हटलं काही नाही, बायको येतीये. बायको घरी होती.
याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची पद्धत) म्हणतात हे मला नंतर कळलं. तर लका भाऊ, यात गप्पा फार कमी होत्या, मेहनत जास्त होती आणि ती सगळी मीच केली. पैसे लागले हे खरंय.

खिचडीत_खडा:
छान लिहिलंय. सीबीटीची मांडणी अ‍ॅरन बेकने १९६० च्या दशकात केली, तो स्वतः सायकियाट्रिस्ट होता. त्याच्याही आधी १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिसने विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली, जी मराठीत कि. मो. फडक्यांमुळे पोचली. घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलची आपली हट्टी समजूत त्रास देते, असं त्याचं थोडक्यात सूत्र. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, दादाला थेट न्यायच्या आधी घरात सहज लावून ठेवता येतील.
पण सीबीटी म्हणजेच थेरपी असंही नाही हं. कार्ल रॉजर्सच्या पद्धतीत सल्लाच देत नाहीत, माणसाला पूर्ण ऐकून घेणं आणि न तोलता स्वीकारणं यावरच सगळा भर. कुणाला कुठली लागू पडते ते माणसावर आणि त्रासावर आहे, आणि थेरपिस्टशी सूर जुळला का यावर तर फारच.

काय_बे_लका:
गृहपाठवालं पटलं बुवा. ते मला माहीत नव्हतं. तरी पण टॉवेलवाल्या माणसाला काय गृहपाठ देणार? त्याचं दुःख खरं आहे, धंदा खरंच बुडालाय. त्याचं वाक्य चुकीचं थोडीच आहे.

बार्शी_लाईट:
प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. धंदा बुडाला हे वाक्य खरं आहे, त्याला कुणी हात लावत नाही. पण "धंदा बुडाला" वरून माणूस "मी नालायक", "पोरांचं वाटोळं केलं", "आता काहीच होणार नाही" इथपर्यंत गेलेला असतो आणि त्याला वाटतं हे सगळं एकच वाक्य आहे. ते सुटं करायचं काम असतं. शिवाय नैराश्यात सुरुवात बहुतेकदा विचारांपासून करतच नाहीत, हालचालीपासून करतात. माणूस म्हणतो बरं वाटलं की बाहेर पडेन, आणि घरात बसल्यामुळेच बरं वाटत नाही. म्हणून मूड असो नसो, ठरलेल्या वेळी छोटं काहीतरी करायचं. सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर, मंडईतून भाजी, धाकट्याला शाळेत सोडणं. दिसायला अगदी किरकोळ, पण अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला ते डोंगराएवढं असतं, म्हणून आखून द्यायला कुणीतरी लागतं. सोबत कर्जाचं बोलायला बँकेत कुणाला घेऊन जायचं, कुठला देणेकरी आधी, ही यादी करणं पण सेशनमध्ये होतं.

शेंगापोळी:
सगळ्यांचे आभार. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायला धीर झाला नव्हता. परवा दादा वहिनीला म्हणाला, एलआयसीचे कागद कपाटात वरच्या खणात आहेत, माझ्यामागे शोधत बसू नका. वहिनी म्हणते ते नेहमीचंच बोलणं, मनावर घेऊ नको.

डॉक_निवासी:
ताई, हे मनावर घ्या. मी सायकियाट्रीची रेसिडेन्सी करतोय, सोलापुरात नाही, पण हे वाचून पुढे जाता येत नाही. आजच कुणीतरी दादाजवळ बसून सरळ विचारा, जगू नये असं वाटतं का, जिवाचं काही करून घ्यायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती खोटी आहे, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. उत्तर हो आलं तर ओरडू नका, पोरांची शपथ घालू नका, ऐका. एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या वहिनींच्या ताब्यात ठेवा, झोपेच्या सुद्धा, आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे न्या, सिव्हिलचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. उत्तर नाही आलं तरी ओपीडी या आठवड्यातच.
१४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. घरच्यांनी फोन केला तरी चालतो, काय बोलावं ते सांगतात. जिवाला तातडीचा धोका वाटला तर ११२.
आणि पोलिस केसच्या भीतीने लोक लपवतात म्हणून सांगतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात, त्याला शिक्षा करायची नाही, त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय.

शेंगापोळी:
आत्ताच वहिनीला फोन केला. मी संध्याकाळी तिकडे जाते.

सात_रस्ता_सर्कल:
ताई सिव्हिलला सोबत कुणी पुरुष माणूस पाहिजे असेल तर इथे लिहा, मी जवळच राहतो. मघाशी डब्याचं चेष्टेत लिहिलं होतं.

पूर्वभाग:
या धाग्यावर एक मुद्दा राहिलाय तो लिहिते. आमच्या अम्माला मराठी येतं, बाजारापुरतं. अशोक चौकात तेवढं पुरतं. अप्पा गेल्यावर ती विड्या वळता वळता मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायला लागली, तेव्हा मी एका काउन्सेलरकडे नेलं. बाई चांगल्या होत्या, पण मराठीत. अम्मा "बरं हाय, बरं हाय" एवढंच म्हणायची. मग मी दुभाषी झाले आणि ते आणखी अवघड, कारण तिला जे बोलायचं होतं त्यात मीच होते, माझं लग्न, माझी तिच्याशी भांडणं. पोरीच्या तोंडून आपलं दुःख सांगायचं कसं? शेवटी तेलुगू बोलणारी एक मुलगी मिळाली, ओळखीतून ओळखीतून, तिच्यासमोर अम्मा पहिल्यांदा रडली म्हणे. मी बाहेर बसले होते, तिने काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही आणि मी विचारलेलं पण नाही.
सोलापुरात कितीतरी घरं तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, तर वेळ घेतानाच भाषा विचारून घ्या. १४४१६ वर पण भाषा निवडता येते.

हुरडा_नुसता:
गुप्ततेचा विषय निघाला म्हणून. माझ्या बायकोला बाळंतपणानंतर त्रास झाला तेव्हा इथल्या एकाकडे (नाव घेत नाही) गेलो होतो. पहिल्या भेटीत त्याने "सकारात्मक विचार करा, आई होणं भाग्याचं असतं" असं अर्धा तास प्रवचन दिलं आणि दुसऱ्या भेटीआधी माझ्या आईला फोन करून सगळं सांगून टाकलं, सुनेला सांभाळून घ्या म्हणून. घरात जे महाभारत झालं ते विचारू नका. नंतर दुसरीकडे गेलो तिथे पहिल्या दहा मिनिटांत मॅडमनी सांगितलं की इथलं बाहेर जाणार नाही, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल नाहीतर लहान मुलावर अत्याचाराचा विषय असेल तर मला बोलावं लागेल. हे ज्याने आधी सांगितलं नाही त्याच्याकडे परत जाऊ नका. एका बैठकीत बरं करतो म्हणणारा, वास्तू बघणारा, स्टोन विकणारा, हे तर सोडूनच द्या.

जुनी_गिरणी:
गोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी स्वतः नैराश्याची गोळी घेतलेला माणूस आहे, सत्तरीत. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, फरक शून्य, मी म्हटलं फेकून देतो. बायकोने फेकू दिली नाही. हळूहळू आधी झोप लागली, मग भाकरीला चव आली, मग एक दिवस लक्षात आलं की मी पेपर पूर्ण वाचला. डॉक, ते किती आठवडे लागतात ते तुम्हीच सांगा. आणि लोक म्हणतात सवय लागते, ते पण सांगा.

डॉक_निवासी:
काका, साधारण दोन ते चार आठवड्यांत परिणाम दिसायला लागतो, पूर्ण यायला सहाआठ लागू शकतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप मोडणं होतं, म्हणून हळूहळू कमी करायच्या आणि बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायच्या. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, त्या थोड्या दिवसांसाठीच असतात. दादांची झोपेची गोळी कुठली आहे ते सायकियाट्रिस्टना दाखवा, तीही एकदम बंद करू नका. त्रास मध्यम ते तीव्र असेल तर गोळी आणि थेरपी दोन्ही मिळून जास्त फायदा होतो, आधी जरा झोप-जेवण जागेवर येतं मग बोलायला बळ येतं.

खिचडीत_खडा:
२०१५-१६ च्या निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. बारा राज्यांची पाहणी होती, त्यात महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे आपल्या जिल्ह्याचे म्हणून कुणी फॉरवर्ड करू नये ही विनंती.

कोंडी_नाका:
प्रश्न: न्यायचं कसं? माझा चुलता पण "मला काय झालंय" म्हणूनच बसलाय. आम्ही बीपी तपासायला चाललोय म्हणून नेलं तर चालेल का?

बार्शी_लाईट:
मी तरी खोटं सांगून नेऊ नका म्हणेन. दारावरची पाटी वाचली की माणूस उलटा फिरतो आणि पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. त्याला स्वतःला जे टोचतंय तिथून धरा. "तू डिप्रेस्ड आहेस" म्हटलं की भांडण, "तुला कितीतरी दिवस झोप नाही, त्यासाठी डॉक्टर बघू" याला बरेच जण तयार होतात आणि ते खोटंही नाही.

काय_बे_लका:
आणि बोभाट्याचं? सोलापुरात रिक्षावाला पण ओळखीचा निघतो लका.

हुतात्मा_एक्सप्रेस:
ऑनलाइन आहे की. मी पण पुढची सेशन व्हिडिओवरच केली. घर दोन खोल्यांचं म्हणून कार होटगी रोडला झाडाखाली लावून आत बसायचो, एकदा पोलिसाने काच वाजवली एवढाच व्यत्यय. मात्र दादांची पहिली भेट समोरासमोरच होऊ द्या, आणि धोका असेल तर ऑनलाइनच्या भरवशावर अजिबात राहू नका.

शेंगापोळी:
काल गेले होते. वहिनीनेच विचारलं, मी नुसती बसले. दादा बराच वेळ गप्प होता मग म्हणाला विचार येतात, करणार नाही पण येतात. आज सकाळी सिव्हिलला गेलो, सात_रस्ता दादा रांगेत आमच्या आधीच उभे होते. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, तिथल्याच मानसशास्त्रज्ञांकडे पण पाठवणार म्हणाले. आईला अजून करणीच वाटतेय, असो.
दोन प्रश्न. मेडिक्लेममध्ये हे बसतं का? आणि वहिनी काल रात्री मला म्हणाली, मला पण कुणाशी तरी बोलायचंय, पण आजारी ते आहेत, मी कशी जाऊ?

खिचडीत_खडा:
मेडिक्लेम: २०१७ च्या त्याच कायद्यात आहे की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजाराला द्यायचा. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडी आणि बाहेरचं समुपदेशन त्यात सहसा येत नाही. पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते बघा, बिलं मात्र सगळी जपून ठेवा.

बार्शी_लाईट:
वहिनींनी जरूर जावं, दादांबरोबर नाही, स्वतःची वेगळी वेळ घेऊन, आणि शक्यतो दुसऱ्या समुपदेशकाकडे, म्हणजे दोघांनाही मोकळं बोलता येईल. आजारी असायची अट नसते. गोळ्या सांभाळणं, रात्री जागं राहणं, सासूबाईंची करणी, दारातले देणेकरी, हे सगळं आत्ता त्यांच्याच अंगावर आहे. फोन करून वेळ घ्या, भाषा आणि फी आधीच विचारा. आणि त्या गेल्या की त्या तासाला पोरांना तुमच्याकडे ठेवून घ्या, नाहीतर अर्धं लक्ष घरीच राहतं.